आजोबांना कुठल्या टप्प्यात बसवू?

प्रश्न : मॅडम, मी मानसशास्त्र घेऊन टीवायबीए करतेय. जवळच्या एका व्यक्तीच्या जडणघडणीला व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत लावून दाखवायचे, असं प्रोजेक्ट आहे. मी आजोबा निवडले. सोळाव्या वर्षी ते रत्नागिरीहून लालबागला आले. आधी गिरणीत बदली कामगार, मग साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, कायम. १९८२च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. पुढे अंधेरीच्या एका सोसायटीत वॉचमन. तेव्हापासून ते गप्पच झाले, असं घरात म्हणतात. आई म्हणते, रात्रपाळीला गेटवर बसून ते तिच्या वह्यांना खाकी कव्हरं घालायचे. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी आयुष्याचे आठ टप्पे सांगितलेत, त्यातल्या सातव्या टप्प्यात मी आजोबांना ‘साचलेपण’ या बाजूला टाकलं. आईने ते वाचलं आणि माझ्याशी धड बोललीच नाही. माझं काय चुकलं?
– एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : तुझ्या आईचं वाईट वाटणं मला पटतं. तू निष्कर्षाची घाई केलीस. शिवाय तो खोडून काढणारी गोष्ट तू स्वतःच पत्रात लिहिली आहेस.

सातवा टप्पा साधारण चाळिशी ते पासष्टीचा. तिथे एरिक्सन माणसाचा पगार किंवा हुद्दा विचारत नाहीत. हा माणूस पुढच्या पिढीसाठी काही जपतोय, घडवतोय का, एवढंच विचारतात. आता ती कव्हरं बघ. वर्षानुवर्षं केलेलं काम गेलंय. तुटलेला धागा चुटकीसरशी जोडणाऱ्या बोटांना आता फाटक उघडायचं काम आहे. असा माणूस मध्यरात्री दिव्याखाली बसून मुलीच्या वहीचे कोपरे नीट दुमडतोय. याला मी साचलेपण म्हणणार नाही. तुझ्या प्रोजेक्टमधला सगळ्यात मोलाचा पुरावा हाच आहे आणि तो तू एका ओळीत उरकलास!

एरिक्सन स्वतः कसे काम करत, तेही बघ. १९६२ साली ते अहमदाबादला आले. गांधीजींनी नेतृत्व केलेल्या तिथल्या १९१८च्या गिरणी संपाच्या काळातली माणसं तेव्हा हयात होती, त्यांच्याशी ते बोलले. त्यातून १९६९ साली गांधीजींवरचं त्यांचं पुस्तक आलं. संपाच्या वेळी गांधीजी ४८ वर्षांचे, म्हणजे याच टप्प्यातले. आधी माणसाची हकिकत, मग सिद्धांत. तू उलटीकडून सुरुवात केलीस.

आता ‘गप्प’. हा तू त्यांचा स्वभावच धरून चालली आहेस. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली नेमकं यावरच बोट ठेवलं होतं, की माणसाचं वागणं प्रसंगानुसार बरंच बदलतं. तेव्हा विचार : संपाआधी चाळीतल्या भजनाला आजोबा बसायचे का? गणपतीला गावी गेल्यावर आजही गप्प असतात का? तिथे ते तासभर बोलत असतील, तर ‘गप्प’ हा शिक्का पुसावा लागेल.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा तुला इथे जास्त उपयोगी पडतील. ‘हे मला जमतं’ हा विश्वास ते विशिष्ट कामाशी जोडतात. आजोबांना साचे जमत होते. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यातल्या कित्येकांना पुन्हा खात्यात पाऊल टाकता आलं नाही. कसब हातात होतं, पण ते दाखवायला जागा उरली नाही. ही उलथापालथ एकट्या आजोबांच्या व्यक्तिमत्त्वात शोधणं अन्यायाचं आहे, आणि हे प्रोजेक्टमध्ये स्पष्ट लिहायला कचरू नकोस.

बालपणावर भर देणारे फ्रॉइड आणि न्यूनगंडाची कल्पना मांडणारे आडलर सध्या बाजूला ठेव. आजोबांच्या बालपणाची तुला काहीच माहिती नाही, मग न्यूनगंड काढणार कशातून?

या रविवारी त्यांच्याजवळ बस. ‘संपाचं दुःख झालं का’ असं थेट विचारू नकोस. पहिल्यांदा साचा कुणी शिकवला, ते विचार. त्यांनी पुढे कुणाला शिकवला, तेही विचार. आईकडून कव्हरांची गोष्ट पुन्हा सविस्तर ऐक. लिहून झालं की आजोबांना वाचून दाखव, ते नको म्हणतील तो भाग काढ, नाव बदल आणि मगच कॉलेजात दे.