खुनी आधीच कळल्यावर 'डबल इन्डेम्निटी'मध्ये पाहण्यासारखे काय उरते?

'डबल इन्डेम्निटी' (१९४४) या चित्रपटात नायक सुरुवातीलाच खुनाची कबुली देतो, मग पुढचा दीड तास प्रेक्षकाने कशाच्या ओढीने बसायचे, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे विम्याचे दावे तपासण्याचे काम केले आहे. त्यामुळे या चित्रपटाकडे मी त्यातल्या बार्टन कीज या दावे तपासणाऱ्या पात्राच्या खुर्चीतून पाहतो, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तरही त्याच खुर्चीत आहे.

वॉल्टर नेफ हा लॉस एंजेलिसमधला विमा प्रतिनिधी. मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण करून घेण्यासाठी तो एका घरी जातो, तिथे गृहस्वामिनी फिलिस डीट्रिक्सन हिच्या मोहात पडतो आणि दोघे मिळून तिच्या नवऱ्याला संपवण्याचा बेत आखतात. मोटारीच्या विम्याचे कागद आहेत असे भासवून नवऱ्याची सही अपघात विम्याच्या अर्जावर घेतली जाते. पॉलिसी पन्नास हजार डॉलरची असते, पण रेल्वे अपघातात मृत्यू आला तर रक्कम दुप्पट, म्हणजे एक लाख. म्हणून नवऱ्याला मोटारीत मारून तो आगगाडीतून पडून मेला असे भासवले जाते. आपल्याकडच्या 'डबल अ‍ॅक्सिडेंट बेनिफिट'चीच ही भावकी आहे, फक्त इथे दुप्पट रक्कम अगदी विरळ प्रकारच्या अपघातांनाच लागू आहे, आणि नेफचा लोभ नेमका तिथे अडकतो. जेम्स एम. केन यांच्या मूळ कथेमागे न्यूयॉर्कचे रूथ स्नायडर प्रकरण होते. तिने नवऱ्याचा असाच विमा उतरवून १९२७ साली प्रियकराच्या मदतीने त्याचा खून केला, आणि पुढच्या वर्षी दोघांनाही मृत्युदंड झाला.

नेफ या वाटेला केवळ स्त्रीच्या मोहाने जात नाही, हे नीट पाहावे. वर्षानुवर्षे लोकांच्या लबाड्या पाहिलेल्या माणसाच्या मनात 'हे आपण किती सफाईने करू शकलो असतो' असा विचार कधीतरी येऊन जातो, आणि नेफ स्वतःच तो बोलून दाखवतो. फिलिस त्याला निमित्त पुरवते. मात्र त्याच कचेरीत दाव्यांचा प्रमुख असलेला कीज बसलेला आहे. आत्महत्यांची आकडेवारी त्याला मुखोद्गत आहे, वंश, व्यवसाय, ऋतू, विषाचा प्रकार अशी सगळी वर्गवारी तो एका दमात सांगतो, आणि संथ चालणाऱ्या आगगाडीच्या मागच्या टोकावरून उडी मारून कोणी जीव दिल्याची एकही नोंद नाही, असे ही आत्महत्या आहे म्हणणाऱ्या स्वतःच्या वरिष्ठाला सुनावतो. कीजची भूमिका करणाऱ्या एडवर्ड जी. रॉबिन्सन यांनी हा प्रसंग ज्या तडफेने केला आहे, तो पाहताना मला आजही खुर्चीतून उठावेसे वाटते.

तपासनीस म्हणून मला सर्वांत मोलाचा वाटतो तो कीजला सापडलेला धागा. मृताचा पाय खुनाच्या आधीच मोडलेला होता, तो कुबड्या घेऊन चालत होता, आणि तरीही अपघात विमा असताना त्याने पायासाठी दावा केला नव्हता. असे का झाले असावे? आपला विमा उतरवला आहे हेच त्याला ठाऊक नसेल तर? जे कागदोपत्री असायला हवे होते आणि नाही, तिथेच बोट ठेवणे हे खरे दावे तपासणे. ही शंका कीज रात्री नेफच्या घरी येऊन बोलून दाखवतो. तो निघत असताना फिलिस बाहेरच्या मार्गिकेत पोहोचलेली असते, आणि उघड्या दाराच्या आड लपून उभी राहते. घराचे दार बाहेरच्या बाजूला सहसा उघडत नाही, दिग्दर्शक बिली वाइल्डर यांनी ती सवलत घेतली आहे, पण श्वास रोखून पाहताना ते कोणाच्या ध्यानात येते? खुनी कोण हे लपवले असते, तर या दृश्यातली भीती आपल्या वाट्याला आलीच नसती.

खुनाचा प्रसंगही असाच पाहावा. मोटारीत नवरा मारला जातो तेव्हा कॅमेरा फिलिसची भूमिका करणाऱ्या बार्बरा स्टॅनविक यांच्या चेहऱ्यावरून हलत नाही. शेजारी काय चालले आहे ते आपल्याला त्या समोर रोखलेल्या नजरेतून समजून घ्यावे लागते. व्यभिचार आणि खून पडद्यावर दाखवण्यावर त्या काळी कडक आचारसंहितेची बंधने होती, पण प्रत्यक्ष काही न दाखवता हे दृश्य जितके थंडगार झाले आहे तितके ते उघड दाखवून झाले नसते, असे मला वाटते.

शेवटासाठी वाइल्डर यांनी नेफला गॅस चेंबरमध्ये देहदंड दिला जातो असे दृश्य चित्रित केले होते, आणि ते काढून टाकले. मला तो निर्णय अचूक वाटतो. कीजजवळ काडेपेटी कधीच नसते, त्यामुळे चित्रपटभर त्याची सिगार नेफच पेटवून देत आलेला असतो. अखेरीस गोळी लागलेला नेफ कचेरीच्या दारात कोसळतो, त्याला स्वतःची सिगारेट पेटवता येत नाही, आणि त्याची कबुली ऐकून चुकलेला कीज त्याच्याजवळ खाली वाकून काडी ओढतो.