वेबसाइटवर गूगलवरून ट्रॅफिक यावं म्हणून ब्लॉग सुरू करावा का? किती दिवसांत फरक पडतो, आणि मराठीत लिहावं की इंग्रजीत?

प्रश्नातला ‘ट्रॅफिक’ हा शब्द बघूनच डोकं फिरलं, कारण याच शब्दापायी माझे दोन सीझन गेलेत.

देवगडकडे आमची हापूसची बाग आहे, वडिलांच्या वेळेपासून माल वाशीला दलालाकडे जायचा. 2019 ला मी वेबसाइट काढली, म्हटलं थेट गिऱ्हाइकाला पेटी पोचवू. साइट दिसायला छान, पण तिच्याकडे कुत्रं फिरकत नव्हतं. माझा पुण्यातला मेहुणा तेव्हा नुकताच डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करून आलेला, तो म्हणाला भावोजी ब्लॉग पाहिजे, आणि मित्राची एजन्सी लावून दिली. महिन्याला 20 आर्टिकल. ‘आंबा खाण्याचे 10 फायदे’, ‘मधुमेहात आंबा चालतो का’, ‘जगातले 7 महाग आंबे’. सगळं इंग्रजीत, प्रत्येक पॅरात अल्फान्सो हा शब्द मोजून मापून घातलेला. लिहिणाऱ्याने आयुष्यात आढी बघितली नसणार हे दुसऱ्या ओळीत कळत होतं. मी म्हटलं हे वाचून माणूस पेटी कशाला घेईल, तर म्हणे तुम्हाला यातलं कळत नाही, तुम्ही ग्राफ बघा.

ग्राफ खरंच वर गेला, खोटं कशाला बोलू. सर्च कन्सोलमध्ये (गूगलवरून साइटवर किती लोक, काय शोधून आले ते दाखवणारं गूगलचंच फुकट टूल) क्लिक वाढले, मेहुणा स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचा आणि सासरेबुवा अंगठा द्यायचे. पण ऑर्डर कुठे? फायदे वाचायला आलेला माणूस फायदे वाचून जातो. त्यातले निम्मे परदेशातले, त्यांना मी काय पोस्टाने आंबा पाठवू?

त्याच काळात, एप्रिल 2022 मध्ये, नाशिकच्या एका बाईंचा फोन आला. चार आंबे कापले, तीन आतून पांढरे आणि आंबट, तुम्ही फसवलंत. मी अर्धा तास साका म्हणजे काय, गर आतून असा पांढरा आणि आंबट राहण्याचा हापूसचा दोष, ते सांगतोय आणि त्यांचं एकच, बाहेरून एवढा सुंदर आंबा आतून असा कसा. त्या रात्री झोप आली नाही, मोबाईलवरच लिहायला बसलो, बोलतो तसंच. साका बाहेरून का दिसत नाही, आंबा चौदा आणे तयार असताना काढला तर का कमी येतो, काढलेला माल उन्हात तापला की का वाढतो, दापोलीच्या विद्यापीठाने निलम आणि हापूसचा संकर करून काढलेल्या रत्ना जातीत साका का नाही आणि तरी लोक हापूसच का मागतात, आणि आमच्या पेटीत निघाला तर आम्ही काय भरून देतो. कापलेल्या आंब्याचे फोटो टाकले. मेहुणा उखडला. स्वतःच्या खराब मालाचा फोटो कोण टाकतं, आणि हा कीवर्ड तरी आहे का, टूलमध्ये व्हॉल्यूम शून्य दाखवतंय, म्हणजे हा शब्द कुणी शोधतच नाही!

दाखवणारच ना, विकत घेणाऱ्याला साका हा शब्दच माहीत नसतो. तो टाइप करतो ‘हापूस आतून पांढरा का’, तेही बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांत, हापूसचं स्पेलिंग पाच प्रकारे. एप्रिल उजाडला की आजही त्याच पोस्टवरून फोन येतात, तुम्ही स्पष्ट लिहिलंय म्हणून दोन डझन पाठवा. (नाशिकच्या बाई मात्र परत आल्या नाहीत, हेही सांगून टाकतो.) आणि ते 10 फायदे? सप्टेंबर 2023 ला गूगलचं हेल्पफुल कंटेंटवालं अपडेट आलं, नुसतं गूगलसाठी लिहिलेलं खाली ढकलणारं, आणि पावसात मोहर गळावा तसा ग्राफ गळला.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर, फरक पडायला 4 महिने ते 1 वर्ष असं गूगलवालेच सांगत आलेत. सीझनचा धंदा असेल तर दिवाळीलाच लिहून मोकळे व्हा, एप्रिलमध्ये टाकलेली पोस्ट त्या एप्रिलला कामाची नाही. ब्लॉग स्वतःच्या डोमेनवरच, म्हणजे दुकानाच्या वेबसाइटच्या पत्त्यावरच ठेवा. आमचा आधी फुकटच्या ब्लॉगस्पॉटवर होता, ही पण मेहुण्याचीच आयडिया, त्यामुळे लोकांनी दिलेल्या सगळ्या लिंका तिकडे आणि दुकान कोरडं. विषय शोधायला टूल विकत घेऊ नका, व्हॉट्सअॅपवर गिऱ्हाईक जे वैतागून विचारतं ते लिहा. मराठी की इंग्रजी ते सर्च कन्सोलमध्ये क्वेरी, म्हणजे लोक काय टाइप करून आले, ते बघून ठरवा, मी दोन्हीत लिहितो, भाषांतर करत नाही.

हां, एक आहे. ऑगस्ट 2024 पासून भारतात गूगल बऱ्याच प्रश्नांना वरच एआयचं उत्तर देतं, त्यामुळे माझ्या साक्याच्या पोस्टचे क्लिकही कमी झालेत, फोन मात्र फारसे कमी नाहीत. आणि तुम्हाला काही विकायचं नसून जाहिरातींवर पैसे कमवायचे असतील तर माझं सगळं सोडा, तिथे मेहुण्याचं गणित बरोबर असेल, कारण तिथे नुसती डोकीच मोजायची असतात.

त्याचं अजूनही म्हणणं आहे की त्या 10 फायद्यांखाली मी ऑर्डरचं बटण उशिरा लावलं म्हणून विक्री झाली नाही. बटण पहिल्या दिवसापासून होतं. स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.