अ‍ॅस्ट्रोसाइट वाढवायच्या? आधी पेशी मोजा

अ‍ॅस्ट्रोसाइट म्हणजे मेंदूत चेतापेशींना (न्यूरॉनना) आधार देणाऱ्या पेशी. त्या वाढवताना मूळपेशींवरून थेट अ‍ॅस्ट्रोसाइटकडे धावू नका. आधी मेंदूच्या पूर्वपेशी शुद्ध मिळवा. मग अ‍ॅक्युटेज या पेशी सोडवणाऱ्या विकर-द्रावणाने त्या एकेकट्या सुट्या करा, मोजा आणि चौरस सेंटिमीटरला साधारण १५,००० इतक्या विरळ पेरा. खरी गोम इथेच आहे: दाटी झाली की त्या न्यूरॉनकडे वळतात. दर ४८ तासांनी माध्यम (पेशींचं पोषक द्रावण) बदला, थाळी ९० टक्के भरली की पुन्हा त्याच घनतेने पेरा, असं ३० दिवस. माध्यमातलं सीरम (रक्तातला पातळ अंश) १-२ टक्क्यांच्या वर नेऊ नका, पेशी चिडतात, म्हणजे इजा झाल्यासारख्या वागतात. पेशी ओळखायला नुसत्या जीएफएपी या खूणप्रथिनावर विसंबू नका, तो पूर्वपेशींतही दिसतो. एस१००बी, सीडी४४ ही खूणप्रथिनंही सोबत तपासाच. नवी मुंबईत खारघर-महापेकडे पावसाळ्यात हवा दमट असते, म्हणून इन्क्युबेटरमधलं पाण्याचं तबक दर आठवड्याला धुऊन निर्जंतुक पाण्याने भरा. बुरशी बहुधा तिथूनच पसरते.