३.३ व्होल्टच्या बँकेवर एलव्हीडीएस इनपुट: शंभर ओहम कुठे लावायचा?

तुझा प्रश्न मला असा समजला. आर्टिक्स-७ आहे (एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट आपण ठरवतो ती चिप), एडीसीकडून (ॲनालॉग सिग्नलचे आकडे करणारी चिप) एलव्हीडीएसच्या, म्हणजे एक सिग्नल दोन तारांमधल्या फरकातून नेणाऱ्या, पेअर येतात, वेग ४०० मेगाबिट, ट्रेस (बोर्डवरची तांब्याची वाट) साधारण १२ सेंमी. त्या ज्या बँकेवर (एकाच व्होल्टेजवर चालणाऱ्या पिनांचा गट) येतात तिला ३.३ व्होल्ट दिलेत. डिफ टर्म (चिपच्या आतला १०० ओहम जोडायचं सेटिंग) चालू केलं की विवाडो हे टूल एरर देतं, बंद केलं की बिटस्ट्रीम (चिपमध्ये भरायची फाईल) गुपचूप तयार होते. मग टर्मिनेशन, म्हणजे लाईनच्या टोकाचा रेझिस्टर, सोडूनच दिलं तर चालेल का?

नाही भावा, चालणार नाही. एरर गेली म्हणजे प्रश्न सुटला, असं इथे नसतं. टूलने फक्त एवढंच सांगितलं, की या व्होल्टेजवर चिपच्या आतला रेझिस्टर मिळणार नाही. रेझिस्टरची गरज आहे तशीच राहिली.

एलव्हीडीएसचा ड्रायव्हर करंट ढकलतो, साधारण ३.५ मिलीअँपिअर. तो करंट रिसीव्हरजवळच्या १०० ओहममधून वळून परत जातो, आणि त्या रेझिस्टरवर जे ३५० मिलिव्होल्ट पडतात तोच तुझा सिग्नल. रेझिस्टर काढलास तर करंटला परतीची वाटच उरत नाही. व्होल्टेज ड्रायव्हरच्या मर्यादेपर्यंत ताणलं जातं आणि लाईनच्या टोकाला आलेली लाट पूर्ण परत फिरते. आता तुझेच आकडे घे. एफआर-४ वर (नेहमीच्या बोर्डचं मटेरियल) सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंमी जातो. म्हणजे १२ सेंमीला ०.८, जाऊन येऊन १.६ नॅनोसेकंद. ४०० मेगाबिटला एक बिट २.५ नॅनोसेकंदांचा. परतलेली लाट ड्रायव्हरवर आपटून पुन्हा निघते आणि पुढच्या बिटांत मिसळते. टेबलावर कधी चालेल, कधी नाही, आणि का ते सापडणार नाही.

आता नियम नीट समजून घे, कारण अर्धवट वाचून बरेच जण घाबरतात आणि पूर्ण बोर्ड बदलायला निघतात. आर्टिक्स-७ मध्ये सगळ्या बँका एचआर (हाय रेंज, ३.३ व्होल्टपर्यंत चालणाऱ्या) प्रकारच्या. तिथे एलव्हीडीएस-२५ चं (टूलमध्ये या बँकांवरच्या एलव्हीडीएसचं नाव) आउटपुट हवं असेल किंवा आतलं टर्मिनेशन हवं असेल, तर बँकेला २.५ व्होल्टच लागतात. पण नुसतं इनपुट असेल तर बँक ३.३ व्होल्टची असली तरी चालते. अट एवढीच, की डिफ टर्म बंद हवं आणि पिनवर येणारं व्होल्टेज डेटाशीटच्या मर्यादेत हवं. एलव्हीडीएस १.२ व्होल्टच्या आसपास हलतं, त्यामुळे ती काळजी नाही. म्हणजे तुझं उत्तर सरळ आहे: बँक आहे तशी ठेव, डिफ टर्म बंद ठेव, आणि प्रत्येक पेअरवर बाहेरून १०० ओहम लाव.

तो लावायचा कुठे, यावर सगळं अवलंबून आहे. ०४०२ आकाराचा, १ टक्क्याचा घे. वॅटेजचा विचारही करू नकोस, त्यात जेमतेम सव्वा मिलिवॅट जिरतात. पण तो एफपीजीएच्या पिनला चिकटून हवा. बीजीए (पिना पोटाखाली असलेली चिप) असेल तर बोर्डच्या मागच्या बाजूला, त्या पेअरच्या दोन व्हायांच्या (बोर्डच्या आरपार जाणारी तांब्याची भोकं) मध्ये. जागा नाही म्हणून दोन-तीन सेंमी अलीकडे टाकलास, तर रेझिस्टरच्या पुढे उघडं शेपूट राहतं आणि रिफ्लेक्शन तिथे सुरू होतं. एकाच पेअरवर दोन रिसीव्हर असतील तर रेझिस्टर फक्त शेवटच्याजवळ.

बँकच २.५ व्होल्टवर नेतो म्हणशील, तर आधी त्या बँकेवर आणखी काय आहे ते बघ. एचआर इनपुटला बँकेच्या व्होल्टेजपेक्षा ०.२ व्होल्टच जास्त चालतात, म्हणजे ३.३ व्होल्टचा कुठलाही आउटपुट तिथे जोडलेला असेल तर गेलं. बँक १४ असेल तर कॉन्फिगरेशनची फ्लॅशही (बिटस्ट्रीम साठवणारी मेमरी) तिथेच असते. ती ३.३ व्होल्टची असेल तर त्या बँकेला हात लावू नकोस.

टर्मिनेशन सोडून देण्याच्या उलटी चूक मी स्वतः भोगली आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. शिरोलीतल्या एका फाउंड्रीत कास्टिंग तपासणाऱ्या कॅमेऱ्याचं कार्ड आम्ही दिलं होतं. राजारामपुरीतल्या आमच्या खोलीत दोन दिवस सलग चाललं, एकही बिट चुकला नाही. फाउंड्रीत बसवलं आणि इंडक्शन भट्टी सुरू झाली की चित्रात रेघा. केबल बदलली, शील्डचं अर्थिंग बदललं, फेराइट लावले. आठ दिवस गेले. शेवटी कॅमेऱ्याला नुसते शून्य पाठवायला लावले, म्हणजे पेअर एका जागी स्थिर राहिली, आणि साधा मल्टिमीटर पेअरवर लावला. ३५० मिलिव्होल्ट दिसायला हवे होते, दिसले १७५ च्या आसपास. लेआउट करणाऱ्याने बोर्डवर १०० ओहम टाकला होता आणि कोड लिहिणाऱ्याने डिफ टर्म चालू ठेवलं होतं. दोन्ही समांतर, म्हणजे ५० ओहम. रिसीव्हरची हद्द १०० मिलिव्होल्ट, त्यामुळे २५० ची मोकळीक ७५ वर आली होती. शांत खोलीत ती पुरली, भट्टीजवळ नाही. कन्स्ट्रेंटमधली (पिनांची सेटिंग लिहायची फाईल) एक ओळ बदलली आणि रेघा गेल्या.

ही मोजणी तूही कर. बऱ्याच एडीसींत टेस्ट पॅटर्न असतो, सगळे शून्य निवड. ३५० च्या आसपास आलं तर ठीक. अर्धं आलं तर दोन टर्मिनेशन, बरंच जास्त आलं तर एकही नाही. मात्र हे बोर्ड चालू असताना आणि बिटस्ट्रीम लोड झाल्यावरच. आतलं टर्मिनेशन कॉन्फिगरेशननंतर जोडलं जातं, त्यामुळे पॉवर बंद ठेवून ओहम मोजलेस तर ते दिसणारच नाही.

दुसरी चिप घेणार असशील तर आधीच बघून ठेव: आइस-४० आणि सायक्लोन-४ मध्ये एलव्हीडीएससाठी आतलं टर्मिनेशन नाहीच, बाहेरचा रेझिस्टर लागतोच. ईसीपी-५ मध्ये आहे, पण डाव्या-उजव्या बाजूच्या बँकांवर.

आपल्याकडे सीएनसीवाले बरेच आहेत म्हणून एक सांगून ठेवतो. एन्कोडरच्या (शाफ्ट किती फिरला ते सांगणारा सेन्सर) ए, बी, झेडच्या जोड्या दिसायला अशाच असतात, पण त्या ५ व्होल्टच्या आरएस-४२२ असतात. त्या थेट एफपीजीएला जोडू नका. मध्ये २६एलव्ही३२ सारखा रिसीव्हर घ्या आणि १०० किंवा १२० ओहम, जशी केबल असेल तसा, त्या रिसीव्हरच्या पायाशी लावा.

तुझा बोर्ड बनून आला असेल तर मागच्या बाजूचा फोटो टाक, आणि बँक नंबर लिही. व्हाया मास्कखाली झाकल्या नसतील तर ०४०२ हाताने बसवता येतो, मी तसं केलेलं आहे. झाकल्या असतील तर मास्क किती खरवडावा लागेल ते फोटो बघून सांगतो.