किरणोपचारानंतर हाताला मुंग्या

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगासाठी आईने सहा वर्षांपूर्वी किरणोपचार घेतले. आता त्याच बाजूच्या हाताला मुंग्या येतात, पोळी लाटताना लाटणे निसटते. हे वयामुळे असेल का?

उत्तर : कृपया वयावर ढकलू नका. मानेतून निघून कॉलरबोनखालून काखेत उतरणारे नसांचे जाळे हाताला बळ आणि संवेदना पुरवते. तेथील लसिका गाठींना (लिम्फ नोड्सना) किरण दिले असल्यास नसांभोवती व्रणासारखे कठीण आवरण तयार होऊन त्या काही वर्षांनीही आवळल्या जाऊ शकतात. आजच्या मात्रांमध्ये असे क्वचितच घडते. मात्र कर्करोग परतल्यासही अशीच लक्षणे दिसतात, विशेषतः खांदा तीव्र दुखत असेल तर. म्हणून याच आठवड्यात कर्करोगतज्ज्ञांना भेटून एमआरआयविषयी विचारा. वेदनेवर औषधे आहेत, फिजिओथेरपीने हालचाल टिकवता येते. हात बधिर असेल, तर चटका लागलेला कळत नाही. तव्यापाशी आईंना जपायला सांगा.