वर्डप्रेसच्या मेनूत लॉगिन केलेल्यांनाच 'लॉगआउट' दिसेल असं कसं करायचं?

प्लगिन नको, चाइल्ड थीमच्या (मूळ थीमवर बेतलेली आपली वेगळी थीम) फंक्शन्स फाइलमध्ये 'डब्ल्यूपी_नॅव्ह_मेनू_आयटम्स' हा फिल्टर (वर्डप्रेसचं आउटपुट दिसण्याआधी बदलू देणारी सोय) लावा, काम होतं. या फिल्टरला मेनूचं तयार एचटीएमएल स्ट्रिंग म्हणून मिळतं, मग युजर लॉगिन आहे का बघायचं, असेल तर शेवटी आपल्या लॉगआउट लिंकचा एलआय टॅग (यादीतली एक नोंद) चिकटवायचा आणि स्ट्रिंग रिटर्न करायची, रिटर्न विसरलात की सगळा मेनूच गायब (हे हमखास होतं). अ‍ॅड_फिल्टरला शेवटी १०, २ (प्राधान्यक्रम आणि आर्ग्युमेंट्सची संख्या) द्या, नाहीतर दुसरं आर्ग्युमेंट, म्हणजे मेनूची माहिती, येणारच नाही आणि थीम लोकेशन (मेनू थीममध्ये कुठे लावलाय ते) तपासता न आल्यामुळे लिंक फुटरच्या मेनूतही घुसेल. फक्त थीम ब्लॉकवाली असेल, म्हणजे ट्वेंटी ट्वेंटी-टू किंवा नंतरची डिफॉल्ट, तर नॅव्हिगेशन ब्लॉकवर हा फिल्टर चालत नाही, तिथे सरळ लॉगिन/आउट ब्लॉक टाका.