आपल्या नेत्याला शिक्षा झाली की काय लिहायचं

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. ग्रुपवर तयार मजकूर येतो, तो आपल्या नावाने टाकायचा असतो, आणि गेल्या वर्षी दुसऱ्या पक्षाच्या आमदारावर जे लिहिलं होतंस त्याच्या बरोबर उलटं आता स्वतःच्या नेत्यासाठी लिहायला सांगतायत, म्हणून झोप लागत नाही असं म्हणतोस. झोप लागत नाही हे चांगलंच आहे. तू कुठल्या पक्षात आहेस ते मी इथे काढत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते सगळ्यांनाच लागू आहे.

आधी कायदा नीट समजून घे, कारण निम्मी भांडणं तो न वाचता चालतात. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ८(३). दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की दोषी ठरल्या दिवसापासून आमदार-खासदार अपात्र, आणि सुटल्यानंतर अजून सहा वर्षं. पूर्वी ८(४) मध्ये पळवाट होती, तीन महिन्यांत अपील केलं की खुर्ची शाबूत राहायची. १० जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टाने लिली थॉमस खटल्यात ती बंद केली. आता नुसतं अपील चालत नाही आणि शिक्षा स्थगित होऊनही भागत नाही, दोषसिद्धीलाच, म्हणजे दोषी ठरवल्यालाच, स्थगिती लागते. हा फरक पाठ कर. टीव्हीवरचे प्रवक्ते तो मुद्दाम पुसतात.

आता आपल्याच राज्यातल्या दोन केस शेजारी ठेव. सावनेरचे काँग्रेस आमदार सुनील केदार, नागपूर जिल्हा बँकेचा २००२ चा रोखे घोटाळा, दीडशे कोटींच्या आसपासचा, शेतकऱ्यांच्या ठेवींचा पैसा. निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ ला, म्हणजे वीस वर्षांहून जास्त काळाने, पाच वर्षांची शिक्षा, आणि दोनेक दिवसांत आमदारकी गेली. आणि दुसरीकडे सिन्नरचे माणिकराव कोकाटे, अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे, तेव्हा कृषिमंत्री. १९९५ चं प्रकरण, मुख्यमंत्री कोट्यातले नाशिकचे फ्लॅट खोटी कागदपत्रं देऊन घेतल्याचं. २० फेब्रुवारी २०२५ ला दोन वर्षांची शिक्षा. सेशन्स कोर्टाने आधी शिक्षा स्थगित केली, दोषसिद्धीला स्थगिती मिळाली ती ५ मार्चला. मधले जवळजवळ दोन आठवडे आमदारकीही राहिली आणि मंत्रिपदही राहिलं. विधानसभा अध्यक्ष दोन्ही वेळी तेच. एकाला दोन दिवस आणि दुसऱ्याला दोन आठवडे का, हा प्रश्न सत्ताधाऱ्यांना विचारायलाच हवा, आणि मी तो विचारतो.

पण थांब, इथेच संपत नाही. कोकाट्यांचा राजीनामा मागणाऱ्या विरोधकांमध्ये काँग्रेसही होती, आणि त्याच काँग्रेसने आदल्याच वर्षी, केदारांना स्वतःला उभं राहता येईना म्हणून, २०२४ च्या विधानसभेला सावनेरमधून त्यांच्या पत्नीला तिकीट दिलं. कायद्यात बसतं, मान्य. पण बँक अडचणीत येऊन ज्यांचे पैसे अडकले त्यांना त्यातून काय कळलं असेल याचा विचार तिकीट देणाऱ्यांनी केला का? मला नाही वाटत. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये सेशन्स कोर्टाने कोकाट्यांचं अपील फेटाळलं तेव्हा कुठे त्यांचं मंत्रिपद गेलं, नंतर सुप्रीम कोर्टाने अपात्रतेपुरती स्थगिती दिली. कोर्टाचा मान ठेवून बोल, स्थगिती मिळाली असेल तर तसं स्पष्ट लिही, तो त्यांचा हक्क आहे. पण पक्षाने फेब्रुवारीत जे करायला हवं होतं ते डिसेंबरपर्यंत ढकललं, हेही लिही.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे दोन्हीकडे चालतं आणि म्हणूनच कोणी कोणाला खरंच अडवत नाही. २०१३ मध्ये तर केंद्रातल्या काँग्रेस सरकारने लिली थॉमसचा निकाल फिरवायला वटहुकूमच मंजूर केला होता, राहुल गांधींनी तो भर पत्रकार परिषदेत फाडून टाकण्यासारखा म्हटला आणि तो मागे घेतला गेला. २०२३ मध्ये सुरतच्या कोर्टाने दोन वर्षांची शिक्षा दिली तेव्हा त्यांचीच खासदारकी दुसऱ्या दिवशी गेली, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाच्या स्थगितीने परत मिळाली. तेव्हा काही लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना मी आजही विचारतो, हीच घाई तुमच्या माणसासाठी चालेल का?

तुझ्या हातात काय आहे ते सांगतो. निकाल लागल्यावर पोस्ट लिहिण्यात फार अर्थ नाही रे, खरा निर्णय तिकीट देताना होतो. सुप्रीम कोर्टाच्या १३ फेब्रुवारी २०२० च्या आदेशाने पक्षांवर बंधन आहे, गुन्हे असलेला उमेदवार का निवडला आणि स्वच्छ माणूस का मिळाला नाही हे जाहीर करायचं, आणि नुसतं 'निवडून येऊ शकतो' हे कारण चालत नाही. तुझ्या पक्षाने तुझ्या मतदारसंघासाठी काय कारण दिलंय ते शोधून वाच. उमेदवाराचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या साइटवर असतं, त्यातला गुन्ह्यांचा भाग पूर्ण वाच, राजकीय आंदोलनातले गुन्हे आणि पैसे खाल्ल्याचे गुन्हे वेगळे मांड, सगळे एकाच मापाने मोजू नकोस, तो अन्याय होईल. मग तालुक्याच्या बैठकीत उभा राहून बोल. लेखी दे, तारीख टाकून. तुला गप्प बसवतील, कदाचित पद मिळणार नाही, ही किंमत खरी आहे, मी ती लपवत नाही.

आणि तो ग्रुपवरचा तयार मजकूर टाकू नकोस. विचारलं तर सांग की नेत्याचं नाव आणि पक्ष बदलून हाच मजकूर मागच्या वर्षी आपण खोडून काढला होता. एवढं बोलून बघ, आणि त्यांनी काय उत्तर दिलं ते मला कळव.

तुझा,
काका